एकशे बारा फेरे

तिने ‘बंद’चं बटण दाबलं आणि एक पाऊल मागे सरली. मोटार घुमू लागली. युनिटच्या बोटभर पडद्यावर टक्के उतरत गेले, साठ, चाळीस, वीस, दहा, आणि साडेचारवर मोटार कण्हली, आत खटका पडला, लाल दिवा लागला. जोर मर्यादेबाहेर गेला, व्हॉल्व्हचं दार बंद झालेलं नाही, एवढं पडद्यावर लिहून आलं. हे असं गेले तीन दिवस चाललं होतं.

“आलं का परत?” वर कठड्याला टेकलेल्या व्हॉल्व्हमनने विचारलं.

“आलं,” ती म्हणाली. “जातंय कुठे.”

पंपघराच्या मागच्या या लांबट खोलीत, कमरेइतक्या खोल चरात, चौदा व्हॉल्व्ह एका रांगेत बसवलेले होते. मोठ्या टाकीतून निघालेलं शहराचं पाणी इथून वाटलं जायचं. आजवर ते हाताने फिरत होते, चाक धरून, घाम गाळून. आता प्रत्येकाच्या डोक्यावर एक मोटार आणि मोटारीच्या बगलेत एक कंट्रोल युनिट बसायचं होतं, म्हणजे पलीकडच्या खोलीत खुर्चीवरच्या माणसाने बटण दाबलं की इथला व्हॉल्व्ह उघडेल नाहीतर बंद होईल. ती हे काम घेतलेल्या कंपनीची तंत्रज्ञ. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर पहिल्यांदा अख्खं काम तिच्या एकटीच्या नावावर आलं होतं. एक आणि दोन नंबर तिने दोन दिवसांत चालू करून दिले. तीन नंबरने मात्र नाकी नऊ आणले.

तसं करायचं काही तिने बाकी ठेवलं नव्हतं. पहिल्यांदा मोटार चालवण्याआधी दार हाताने मध्यावर आणून ठेवायचं, म्हणजे वायर उलटी लागली असेल तर थांबवायला वेळ मिळतो. ते केलं होतं. तिन्ही फेज तपासले, एकेक टर्मिनल आवळलं, युनिट बदलून दुसरं लावलं. काल तर चेनब्लॉकने सगळी मोटार उचलून बाजूला काढली, खालचा नट साफ करून ग्रीस भरलं आणि पुन्हा बसवली. त्यात अर्धा दिवस आणि एक नख गेलं. मग मोटार सोडवायचा खटका ओढून वरचं चाक हाताने फिरवून पाहिलं. हातानेही तिथेच अडलं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्हच्या अंगाला आणि मूठ कानाला लावली, तर आतून बारीक सूं आवाज येत होता. म्हणजे दार टेकलेलं नव्हतं आणि फटीतून पाणी जात होतं.

कंपनीतल्या वरिष्ठांना फोन केला, तर त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून कर म्हणून सांगितलं आणि दुसरं युनिट मागवलंस ते मागवलंस, आता तिसरं मागू नकोस, अशी तंबीही दिली. त्यांचं काय जातं, उंटावरून शेळ्या हाकायला.

खरं म्हणजे युनिटला सांगावी लागणारी गोष्ट एकच असते. पूर्ण उघड्यापासून पूर्ण बंद होईपर्यंत दार वरखाली करणारा दांडा किती फेरे फिरतो, तेवढं सांगितलं की बाकीचं ते स्वतः बघतं. शेवटच्या फेऱ्याला जोर लागला, तर दार बसलं असं समजतं. त्याआधीच जोर लागला, तर मध्ये काहीतरी आडवं आलंय म्हणून थांबतं. तीन नंबरचे फेरे एकशे बारा. युनिट थांबत होतं एकशे सातवर.

एकशे बारा हा आकडा भिंतीवर होता. खोलीच्या दाराशेजारी प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक तक्ता टांगला होता, चौदा ओळींचा, वाटोळ्या अक्षरातला. व्हॉल्व्हचा नंबर, त्यापुढे फेरे, आणि सगळ्यांत खाली सही. सही तिच्या वडिलांची होती.

वडिलांनी या चरात एकतीस वर्षं काढली. त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. सगळं खातं त्यांना मीटर म्हणायचं, धाकटे मीटरदादा म्हणायचे. मोजायची खोडच होती त्यांना. जिन्याच्या पायऱ्या, शर्टाची बटणं, लग्नात पंगतीला बसलेली माणसं, काहीही. ही अंक शिकली ती याच कठड्यावर बसून, खाली वडील चाक फिरवायचे आणि वर ही फेरे म्हणायची. खात्यात एक बोलणं पडून गेलं होतं की भिंतीवरचं घड्याळ चुकेल, पण मीटर चुकणार नाही. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, तेव्हा साहेबांनी त्यांना शेवटचा आठवडाभर टेबलाशी बसवलं आणि डोक्यातलं सगळं या तक्त्यावर उतरवून घेतलं. आता नव्या युनिटांचे आकडे त्याच तक्त्यावरून भरले जात होते. एका परीने बापाने मोजलेलं लेक यंत्राच्या गळी उतरवत होती, आणि त्याचा तिला अभिमानही होता. दिवसभर ती इथे राबायची आणि संध्याकाळी आईवडिलांकडे मुक्कामाला जायची. तेवढंच माहेरपण.

वडिलांच्या जागी आलेला व्हॉल्व्हमन चाळिशीचा होता. दोन वर्षं झाली तरी सगळे त्याला ‘नवा’ म्हणत. तिने त्याला आज पुन्हा विचारलं, गेल्या महिन्यात तीन नंबर तुम्हीच बंद केला होतात ना, किती फेरे झाले होते. त्याने तिच्याकडे पाहायच्या ऐवजी भिंतीकडे पाहिलं.

“एकशे बारा, ताई.”

“नक्की?”

“रजिस्टरात लिहिलंय की.”

रजिस्टर तिने आधीच पाहिलं होतं. दर महिन्याला एकदा बंद, एकदा उघडा, एकशे बारा, एकशे बारा, वडिलांच्या अक्षरात आणि मग नव्याच्या अक्षरात. एका ओळीत फरक नाही. मग महिन्याभरात असं झालं तरी काय, या विचाराने तिचं डोकं भणभणलं होतं.

दुपारी साहेब आले. माणूस भला होता, आवाज चढवणारा नव्हता, पण शनिवार त्याच्याही डोक्यावर बसला होता. शनिवारी तीन नंबर पुढची मुख्य पाइपलाइन कापून सांधा बदलायचा होता, आणि त्यासाठी व्हॉल्व्ह ठार बंद व्हायला हवा होता. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. युनिटची जोराची मर्यादा शेवटपर्यंत वाढवा आणि लावा रेटून. बसेल.

तिने सांगितलं, की आत दगड असेल किंवा दांडा वाकला असेल, तर रेटल्यावर दांडा पिळवटून तुटेल आणि दार आहे तिथे कायमचं अडकेल. मग शनिवार तर सोडाच, अर्धं शहर पंधरा दिवस पाण्यासाठी बोंबलेल. तिला खाली गाळ असल्याची शंका होती. गाळ असेल तर उपाय आहे, दार थोडं उघडायचं, थोडं मिटायचं, फटीतून पाणी जोरात जातं आणि गाळ उकरून नेतं. दिवस मोडेल, पण व्हॉल्व्हला ओरखडा येणार नाही.

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. गढूळ पाणी लाइनीत सोडायचं, तर पुढची निचऱ्याची तोंडं उघडावी लागणार, दोन वस्त्यांचं पाणी बंद ठेवावं लागणार, आणि त्याला वरून परवानगी लागणार.

“लेखी कारण द्या, मी आत्ता परवानगी आणतो,” ते म्हणाले. “पण रजिस्टर सांगतंय दर महिन्याला पूर्ण बंद होतो. पाच फेऱ्यांचा गाळ काय एका महिन्यात साचला? मला वर विचारतील, तर मी काय सांगू?”

साहेबांनी उद्या सकाळी दहापर्यंतचा वेळ दिला. कारण लिहून द्या, नाहीतर जोर वाढवून रेटा. तिसरा रस्ता नाही.

घरी आली तेव्हा आई कपडे घड्या करत बसली होती. वडील कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्लेड आणायला गेले होते. हातपाय धुऊन ती चहाला लागली. साखरेचा डबा वरच्या फळीवर असतो म्हणून तिने हात वर केला, तर वरची फळी रिकामी. सगळे डबे खालच्या फळीवर खेटून बसवलेले, एकावर एक.

“वर का नाही ठेवत गं? किती अडचण केलीस ही.”

“वर ठेवून काय उपयोग,” आई घड्या घालता घालता म्हणाली. “सकाळचा चहा हे करतात. ह्यांचा हात खांद्याच्या वर कुठे जातो? सहा वर्षं झाली.”

म्हणून झालं आणि आईने जीभ चावली. लेकीचा चमचा डब्यातच राहिला. तिने विचारलं, सहा वर्षं म्हणजे? फोनवर तर नुसतं आखडलंय म्हणून सांगत होतात. आईने दाराकडे एकदा पाहिलं, आणि मग एवढ्या वर्षांचं साठलेलं घडाघडा बोलून टाकलं. ह्यांचा मदतनीस होता, ती जागा खात्याने काढून टाकली. दोघांचं काम एकट्याच्या अंगावर पडलं. मोठे व्हॉल्व्ह शेवटी शेवटी फार जड जातात, तेव्हा चाकात पाइप अडकवून ओढायला लागले. एक दिवस पाइप सुटला आणि खांदा गेला. कुठल्या नंबरचा व्हॉल्व्ह ते आईला ठाऊक नव्हतं. खात्याला कळलं तर नालायक ठरवून खुर्चीवर बसवतील, म्हणून ह्यांनी दवाखानासुद्धा गावाबाहेरचा गाठला. सहा वर्षं आई रोज सकाळी त्यांना शर्ट घालून देत होती.

“कुणाजवळ बोलू नकोस म्हणाले. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तू आता काही विचारू नकोस त्यांना. त्यांना फार लागेल.”

तिने काही विचारायची गरजच उरली नव्हती. शेवटचे पाच फेरे खांद्याशिवाय लागत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? चार वेळा चहा ढवळून झाला तरी तिचा चमचा फिरत होता. तीन दिवस आपण टर्मिनलं आवळत होतो, आणि कळसा आपल्याच काखेत होता.

जेवताना वडिलांनी आपण होऊन तीन नंबरची चौकशी केली. तिने ताटाकडे बघतच सांगितलं, उद्या दहाला जोर वाढवून रेटायचं ठरतंय.

वडिलांचा हात ताटावर थांबला.

“दांडा पिळवटेल अशाने.”

“हो.”

“मग धुऊन काढा की. थोडं उघड, थोडं मीट.”

“तेच म्हटलं मी. साहेब म्हणतात गाळ आहे हे लिहून द्या. रजिस्टर सांगतंय गाळ नाही.” मग तिने जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, “बाबा, तुमच्या वेळी शेवटचे पाच फेरे कसे लागायचे?”

“जड.”

“पण लागायचे?”

वडिलांनी डाव्या हाताने तांब्या उचलला, पेल्यात पाणी ओतलं, सगळं पिऊन पेला खाली ठेवला.

“तक्त्यावर लिहिलंय ना,” ते म्हणाले.

“लिहिलंय,” ती म्हणाली.

आई उगाच भाजी वाढत राहिली. लेकीला राग आला होता, आणि रागाहून जास्त लाज वाटत होती, त्यांची की स्वतःची ते तिचं तिलाच कळत नव्हतं. साहेबांना एक फोन केला असता तर काम झालं असतं. माझ्या वडिलांनी शेवटची चार वर्षं तीन नंबर बंदच केला नाही, दार खाली टेकलंच नाही, म्हणून तिथे गाळ बसत गेला, एवढंच वाक्य. फोन हातात घेऊन ती गच्चीत जाऊन आली, आणि तसाच खिशात टाकून खाली आली. ते सांगायचं तर त्यांनी सांगायचं होतं. आणि त्यांनी नाही सांगितलं तर त्यांच्या नावाची किंमत आपण मोजायची, असं तिने अंथरुणावर पडल्या पडल्या ठरवून टाकलं.

सकाळी ती निघाली तेव्हा वडील अजून आतल्या खोलीत होते. एरवी ते दारापर्यंत यायचे.

दहाला साहेब कागद घेऊन हजर होते. नवा त्यांच्या मागे उभा होता. तिने सांगितलं, कारण मला लिहून देता येत नाही आणि जोर मी वाढवणार नाही. साहेबांना वाटलं होतं ती काहीतरी मधला मार्ग काढेल. त्यांनी तिला पुन्हा समजावलं, की मग कंपनीला काम जमलं नाही असं मला लिहावं लागेल, तुमच्या जागी दुसरा माणूस येईल आणि तो आल्या आल्या जोर वाढवेल. म्हणजे व्हायचं ते होणारच, नुकसान फक्त तुमचं. ते तिलाही दिसत होतं. तरी तिने काम जमलं नसल्याचा कागद मागितला आणि सही करायला पेनाचं टोपण काढलं.

“साहेब, एक मिनिट.”

दारात वडील उभे होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, चप्पल पुसलेली. इथे यायला त्यांना आता पास लागायचा, पण गेटवर मीटरदादांना अडवणार कोण. साहेबांनी पुढे होऊन त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. त्यांनी आपला उजवा हात उचलायला सुरुवात केली. खांद्याच्या बरोबरीला आला आणि तो हात तिथेच थांबला.

“ह्याच्या वर जात नाही,” ते म्हणाले. “सहा वर्षं झाली. तीन नंबर मी एकशे सातवर सोडायचो. एकशे बारा लिहायचो. मोजण्यात चूक नाही साहेब, लिहिण्यात आहे.”

साहेब पुरते गोंधळले. दादा, तुम्ही, असं काहीतरी ते पुटपुटले. वडिलांनी मग सगळं रीतसर सांगितलं, मदतनीस कधी गेला, पाइप कधी सुटला, दार शेवटचं पूर्ण कधी बसलं ती तारीखसुद्धा. घरून पाठ करून आल्यासारखं वाटत होतं. आपलं नाव आज जाणार, एवढी तयारी करून ते आले होते. मुलीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

नवा चराच्या पायरीवर खाली बसला होता.

“म्हणजे एकशे सातच होते?” त्याने विचारलं.

कुणाला पहिल्यांदा कळलंच नाही, तो कुणाशी बोलतोय.

“दादा, मला दोन वर्षं एकशे सातच येतायत. मी म्हटलं, आपलेच पाच कुठेतरी गळतायत. तुम्ही थोडेच चुकणार.”

तो सांगत गेला, वडिलांकडे बघत, तक्रार केल्यासारखं नाही, हरवलेली वस्तू सापडल्यावर सांगतात तसं. सुरुवातीला तो मोठ्याने मोजायचा. मग खिशात खडे ठेवायला लागला, एकशे बारा खडे, प्रत्येक फेऱ्याला एक खडा या खिशातून त्या खिशात. पाच उरायचे. त्याला वाटायचं, खडे टाकायलाच विसरतोय. घरी बायकोला म्हणाला, माझं डोकं अधू व्हायला लागलंय. धाकटी मुलगी गणितं तपासायला आणायची, ती त्याने तिच्या मामाकडे पाठवायला सुरुवात केली. आणि रजिस्टरात एकशे बारा लिहीत राहिला, कारण भिंतीवर तेच होतं.

वडील तेव्हा खुर्चीवर बसले. आपला खांदा लपवला, एवढंच त्यांच्या लेखी घडलं होतं. या माणसाचं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

कारणाचा कागद साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिला. वडिलांनी वाचला, एक तारीख दुरुस्त केली आणि सही केली. अकरापर्यंत परवानगी आली, पुढची निचऱ्याची तोंडं उघडली गेली. ती चरात उतरून युनिटशी उभी राहिली. दार दहा टक्क्यांपर्यंत उघडायची, पाच टक्क्यांपर्यंत मिटायची, थांबायची, पुन्हा. पाण्याचा आवाज जाड झाला. निचऱ्याशी उभ्या असलेल्या माणसाने फोन करून सांगितलं, काळं येतंय, शाईसारखं. एकशे सातचे एकशे साडेसात झाले, मग एकशे आठ. जेवायच्या सुट्टीत कुणी हललं नाही. एकशे दहावर तासभर काहीच सरकेना, तेव्हा वडिलांनी वरूनच तिला जास्त उघड म्हणून खूण केली. तिने वीस टक्के उघडलं आणि एकदम मिटलं, तेव्हा आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. तीनच्या सुमाराला पडद्यावर शून्य आलं, जोर लागला तो नेमका लागायच्या जागी लागला, आणि हिरवा दिवा लागला. तिने स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. आतून काही ऐकू येत नव्हतं.

ती वर आली तेव्हा साहेब एक कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले होते. शनिवार सुटला होता, पण आता त्यांना दुसरी काळजी लागली. पुढच्या आठवड्यात बाकीच्या व्हॉल्व्हना युनिटं बसणार. आकडे तर सगळे याच तक्त्यावरचे.

“दादा, हा एकच ना?” त्यांनी विचारलं. आवाज असा होता, की वडील हो म्हणाले असते तर त्यांनी कागद घडी घालून ठेवला असता.

तिनेही मनात तेच मागितलं. एक पुरे.

“नाही,” वडील म्हणाले. “मोठे सगळे. पाच, आठ आणि अकरा.”

साहेबांनी पेन घेतलं. “कुठे कुठे अडतात ते सांगा मग. लिहून घेतो.”

वडील सांगणार होते. पाच नंबरचा आकडा त्यांच्या ओठांवर आला होता, तिला तो दिसला. मग त्यांनी तोंड मिटलं आणि पायरीवर बसलेल्या माणसाकडे हात केला.

“मला नका विचारू. त्यांना विचारा.”

दोन वर्षांत त्यांनी त्याला अरे-तुरेशिवाय हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. नवा उठून उभा राहिला. सवयीने त्याची मान भिंतीकडे वळायला लागली, आणि त्याने ती वळू दिली नाही.

“पाच नंबर,” तो म्हणाला आणि थांबला. “त्र्याण्णव.”

“बरोबर,” वडील म्हणाले.

“आठ नंबर एकशे बावीस.”

“बरोबर.”

“अकराला...” त्याने मनातल्या मनात काहीतरी पुन्हा जुळवून पाहिलं. “अकराला एकशे एक येतात, दादा.”

वडिलांच्या ओठांवर एकशे दोन आले होते, ते तिला दिसले.

“एकशे एक लिहा, साहेब,” ते म्हणाले.

साहेबांनी एकशे एक लिहिलं.